न दिसण्याची तालीम

काळ्या पडद्यापुढे काळ्या पोशाखातली चार माणसे उभी होती. त्यांपैकी तीन दिसत नव्हती आणि चौथी दिसत होती. प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या काकांची मती गुंग झाली ती इथे. कारण चौथी त्यांची पोटची मुलगी होती.

नाटक मुलांसाठीचे. रंगमंचावर फक्त ब्लॅक लाइट लावायचे. त्या जांभळट उजेडात खास रंगाने रंगवलेला भला मोठा मासा तेवढा झळाळावा आणि त्याला काठ्यांवर नाचवणारे चौघे अंधारात विरघळून जावेत, अशी कल्पना. मासा छान पोहत होता. मात्र त्याच्या शेपटीमागे एक निळसर, धुरकट भूत चालत होते.

"काका, तुमची लेक पुढं सरकते," दिग्दर्शक म्हणाला. "चार वाजता पुन्हा बघतो. दिसली, तर शेपूट दुसऱ्याच्या हातात. मग माझ्या नावानं खडे फोडू नका."

"ती खडूच्या रेषेमागेच आहे. मोजून दाखवू?"

"मोजा नाहीतर तोला. प्रेक्षक काही फूटपट्टी घेऊन येत नाहीत."

काकांनी खरोखरच मोजले. रेषेपासून पावलापर्यंत पुरती एक वीत. मग दिव्यांची तोंडे फिरवली, भूत जागेवर. शेपटीकडचा दिवा विझवला. शेपूट मंदावली, भूतही मंदावले, पण गेले नाही. म्हणजे दिवे निर्दोष. कापड? चौघांचे एकाच ताग्यातले, एकाच शिंप्याने शिवलेले. तेव्हा तर्काने दोष मुलीतच उरत होता, आणि तर्कापुढे काकांनी आजवर सख्ख्या भावाचीही भीड धरली नव्हती.

"अंगाला काही लावलंयस का?"

"बाबा, मी काय काजवा आहे? परवापर्यंत दिसत नव्हते ना? मग आजच कशी उजळले?"

काका अधिकच बुचकळ्यात पडले. परवा नाही, आज आहे. आणि काल तर तालीमच नव्हती.

"अंगरखा बदल," ते अखेर म्हणाले. "लांबोड्याचा घाल."

माशाचे डोके धरणारा लांबोडा दचकला. "माझा? पंधरा दिवस घाम मुरलाय त्यात. पोरगी चक्कर येऊन पडेल!"

अदलाबदल झाली. दिवा लागला. मुलगी नाहीशी झाली आणि भूत एकाएकी हातभर उंच झाले.

दोष कापडाचाच, तर! पण तागा तोच, शिंपी तोच. काकांनी तो अंगरखा मागून घेतला, दिव्याखाली धरला आणि त्यांची नजर स्वतःच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर गेली. बाही निळी. अंगरखाही निळा. अगदी एकाच जातीचा निळा.

"हा कोणी धुतला?"

"तुम्हीच की, बाबा! काल. रंगभूमीवर मळक्या कपड्यानं पाऊल टाकू नये म्हणालात आणि घरच्या पावडरीत भिजवलात."

कपडे शुभ्र दिसावेत म्हणून त्या पावडरीत घातलेले द्रव्य या दिव्यात चमकते, हे काकांना वीस वर्षे ठाऊक होते. कुणाचा पांढरा बनियन डोकावला तरी ते खेकसत. काळ्यालाही ते तसेच चिकटते, एवढी साधी गोष्ट मात्र डोक्यात शिरली नव्हती. आता कितीही खळबळले तरी चार वाजेपर्यंत ते निघणार नव्हते.

दिग्दर्शक आला. एखादा दिवा बिघडला म्हणून सांगावे, असे काकांच्या ओठांवर आले होते.

"ती रेषेमागेच होती," ते म्हणाले. "घोळ माझा. अंगरखा मी धुतला."

"धुतला? मग काय झालं?"

समजावण्यात तीन मिनिटे गेली. मग पेटीतून, वर्षापूर्वी नाटक सोडून गेलेल्या एकाचा कधीच न धुतलेला अंगरखा निघाला आणि लांबोड्याच्या गळ्यात पडला.

"स्वतःचा वास आपला वाटतो हो," तो कुरकुरला. "हा तर परका घाम!"

अंधार झाला. मासा निघाला. शेपूट डावीकडे वळली, थबकली, उजवीकडे लचकली. काका डोळे फाडून शेपटीमागे पाहत होते. तिथे काही नव्हते. इतके काही नव्हते, की ते उगाच एक पाऊल पुढे सरकले.

"काका, शेपूट तिच्याकडेच आहे ना?" दिग्दर्शकाने कुजबुजत विचारले.

"असावी," काका म्हणाले.

"असावी म्हणजे? तुमचीच मुलगी ना?"

"दिसत नाही हो."

"मग राहू द्या तिच्याकडेच," दिग्दर्शक म्हणाला. काकांनी मान डोलावली आणि चष्मा पुसून पुन्हा त्या काळोखात ते तिला शोधू लागले.