सहा वेळा नावेची सफर

माझ्या लेकीला आहेरात भांडीकुंडी नको होती. "आई, मिक्सर तीन येतील, घड्याळं सात येतील, आणि आम्ही राहणार दीड खोलीत," असं म्हणत तिनं चष्म्याच्या फ्रेमा बाजूला सारल्या आणि आमच्या दुकानाच्या काउंटरवर लॅपटॉप उघडला. मी म्हटलं, "बाई गं, त्या पालथ्या ठेवू नकोस, काचांना चरे पडतात." तिनं ऐकलं नाही. ऐकेल कशी, माझीच मुलगी.

तिला हवी होती हनिमूनच्या आहेराची साइट. म्हणजे पाहुण्यांनी वस्तू द्यायची नाही, सहलीचा एकेक तुकडा द्यायचा. कुणी हॉटेलातली एक रात्र, कुणी भाड्याच्या सायकली, कुणी समुद्रकाठचं जेवण, कुणी नावेची सफर. सोबत दोन ओळी लिहायच्या. ऐकावं ते नवलच! आम्ही लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं होतं, आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणजे लग्नातलाच एक पाहुणा. नाचताना चष्मा मोडून घेतला होता त्यानं.

तिनं दोन साइटी काढून ठेवल्या होत्या. एक तिच्या मनात भरली होती. तिच्यात कुणी एखादी गोष्ट दिली की ती यादीतून नाहीशी व्हायची आणि देणाऱ्यानं लिहिलेलं लगेच तिच्या फोनवर यायचं. दुसरीत सगळं बंद पाकिटात. कुणी काय दिलं, काय लिहिलं, ते लग्नाच्या दिवशीच उघडणार, आणि तोवर यादीतली प्रत्येक गोष्ट सगळ्यांना खुली.

"ही दुसरी घे," मी म्हटलं.

"अगं पण एकच गोष्ट दोघांनी दिली तर?"

"तर दोनदा जेवाल! उपाशी तर नाही ना राहणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, ठके. संध्याकाळी सगळे मिळून पाकिटं उघडू, मजा येईल."

तिनं होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "आई म्हणतील तसं." पोरगा शहाणा आहे, सासूशी वाद घालायचा नाही हे त्याला लग्नाआधीच कळलं होतं. मग काय, माझीच साइट ठरली. मी इतकी खूश झाले की तिला दोनदा चहा पाजला.

मजाबिजा काही नाही. खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगते.

दुकानात पुढे मी बसते आणि मागच्या खोलीत हे काचा घासून फ्रेमात बसवतात. एकतीस वर्षं. ह्यांचा हात कधी चुकला नाही. साइट ठरली त्या दिवसाच्या पाच महिने आधी एक शिक्षिका नवा चष्मा घालून परत आली. म्हणाली, पायऱ्या वाकड्या दिसतात हो. बघते तर डावी काच उजवीकडे. मी हसून नेली वेळ मारून. आठवड्यानं दुसरा चष्मा आला, मग तिसरा. मी म्हटलं, "अहो, तुमचेच डोळे तपासून घ्या आधी." तर म्हणाले, "डोळे ठीक आहेत गं. आत काहीतरी सुटत चाललंय."

डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं आणि तो कसकसा पुढे जाईल तेही सांगितलं. आधी कालपरवाचं जाईल, मग जुनं, मग माणसं. औषधानं थोडा मंदावेल, पण थांबणार नाही. त्या दिवसापासून प्रत्येक चष्मा गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी मी मागच्या मागे तपासायला लागले. ह्यांना कळू न देता. दुकानात एवढं झाकता आलं, तर घरात का नाही येणार, असं मला वाटलं.

लेकीला सांगायचं नाही, हे मी त्याच संध्याकाळी ठरवलं. तुम्ही म्हणाल, का? तर ती कशी आहे ते मला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी माझा पाय मोडला, तेव्हा ही बाहेर शिकायला गेली होती, शिष्यवृत्ती मिळवून. फोनवर कळलं आणि चौथ्या दिवशी बॅग घेऊन दारात हजर. माझा पाय सहा आठवड्यांत जुळला, तिचं शिक्षण राहिलं ते राहिलंच. आता कुठे सुखाचा दिवस येत होता तिचा. लग्न होऊ दे, पंधरा दिवस हिंडून येऊ दे, मग सांगू. लग्नाला दोन महिने तर उरले होते.

म्हणून बंद पाकीट. हे काहीतरी भलतंसलतं लिहून बसतील आणि तिच्या फोनवर लगेच टपकेल, ह्या धास्तीनं मी ती साइट गळ्यात मारली तिच्या. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

साइट ठरली त्या दिवशी ह्यांची तब्येत छान होती. "मी माझ्या हातानं देणार," म्हणाले. लेकीनं दुकानातल्या कॉम्प्युटरवर ती साइट उघडून दिली. "बाबा, चित्र निवडायचं, खाली लिहायचं, हिरवं बटण दाबायचं. बस्स." ह्यांनी चष्म्याच्या ऑर्डरी लिहायची चिठ्ठी घेतली, तिच्यावर लिहिलं, 'ठकीचा आहेर. हिरवं बटण', आणि ती कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवली. आमच्या दुकानाची पद्धतच ती. काम झालं की चिठ्ठी काढायची, चिठ्ठी आहे म्हणजे काम बाकी आहे. मी ती चिठ्ठी दोन महिने रोज बघत होते. ती अजून तिथेच कशी, असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. बँकेचे मेसेज ह्यांच्या फोनवर येत असणार, पण त्या फोनला मी हात लावत नव्हते. तेवढा मान तरी राहू दे त्यांचा, म्हणून.

मधल्या दोन महिन्यांत लेक येते म्हणाली, की मी काहीतरी पुढे करायची. दुकान रंगवायला काढलंय, बाबांना सर्दी झालीय, सुट्टी लग्नासाठी राखून ठेव. तीन तासांचा तर प्रवास होता तिचा. एकदा ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "आई, मी काही केलंय का? तुला मी नकोशी झालेय का?" मी म्हटलं, "उचलली जीभ लावली टाळ्याला! कामाचं बघ." आणि फोन ठेवून मोरीत जाऊन रडले.

लग्न साधंच झालं. सकाळी सह्या, दुपारी जेवण. ह्यांनी फोटोत उभं राहायचं तिथे उभं राहून दाखवलं, मी बाजूला कोपर धरून. संध्याकाळी घरी आम्ही चौघंच उरलो आणि जावईबापूंनी लॅपटॉप मांडीवर घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना निघायचं होतं. मी मनात म्हणत होते, एक रात्र, फक्त एक रात्र.

मामानं सायकली दिल्या होत्या. लेकीच्या ऑफिसातल्यांनी हॉटेल दिलं होतं आणि चावटपणा लिहिला होता. तो वाचताना जावई लाल झाला, आम्ही हसलो. मग तो ओरडला, "बाबांचं! बाबांनी नावेची सफर दिलीय!" आणि मोठ्यानं वाचलं: "ठकी, लहानपणी तू पाण्याला फार भ्यायचीस. आता भिऊ नकोस. शेजारच्याचा हात धर. बाबा."

लेकीनं उठून ह्यांच्या गळ्यात हात टाकले.

"हे काय, बाबांचं अजून एक," जावई म्हणाला. "पुन्हा नाव!" शब्दही जवळजवळ तेच. लेक हसली, "बाबा, येतानाची वेगळी नाव काय?" सगळे हसले म्हणून हेही हसले. मी नाही हसले.

तिसरं आलं. चौथ्यात लिहिलं होतं, "ठकी पाण्याला भिते, तिला सांभाळा." जावयाचा आवाज बारीक होत गेला. पाचवं त्यानं वाचलंच नाही, नुसतं पुढे सरकवलं. सहाव्यावर तो थांबला आणि लॅपटॉप मिटायला लागला. लेकीनं त्याच्या हातातून ओढून घेतला आणि स्वतः वाचलं, हळूहळू, पहिलीतल्या मुलीसारखं.

"वधूवरांस आशीर्वाद. मलाही एक मुलगी आहे. ती पाण्याला भिते. तिचं लग्न ठरलं की तिलाही अशीच सफर द्यावी असं मनात आहे. कुठे चौकशी करावी, कृपया कळवावे. आपला, चष्मेवाला."

हे आमच्या तोंडाकडे बघत होते, आता हसायचं आहे का, हे समजून घेत.

लेक मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. दार लोटलं.

"कधीपासून?"

"सात महिने."

मला वाटलं होतं ओरडेल, आदळआपट करेल. मी सगळं तयार ठेवलं होतं, तुझ्यासाठीच केलं, तुझ्या सुखासाठी केलं. ती ओट्याला टेकली आणि म्हणाली, "सात महिन्यांपूर्वी ते मला ओळखत होते, आई. पूर्ण ओळखत होते. मी दर आठवड्याला आले असते. तू मला सर्दीचं सांगत होतीस."

"अगं, तू लग्न पुढे ढकललं असतंस..."

"ढकललं असतं! माझं लग्न होतं ना? माझे बाबा होते ना?"

मी चहाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. एवढी बोलघेवडी बाई मी, गिऱ्हाइकाला फ्रेम विकताना श्वास घेत नाही.

"आणि बाबा?" तिनं विचारलं. "त्यांना पण वाटत होतं, मला सांगू नये असं?"

इथे मी खोटं बोलू शकले असते. सात महिने बोललेच होते, अजून एक काय जड होतं? पण ती माझ्या डोळ्यांत बघत होती, आणि मला ते झेपेना.

"नाही," मी म्हटलं. "डॉक्टरकडून आलो, त्याच दिवशी त्यांनी तुला फोन लावायला घेतला होता. म्हणाले, ठकीशी बोलायचंय, अजून नीट बोलता येतंय तोवर बोलून घेतो. मी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला."

"काय बोलायचं होतं त्यांना?"

"मी विचारलं नाही."

तिनं तोंडावर हात दाबून धरला. मग तोंड धुतलं, पदरानं नाही, ओट्यावरच्या कळकट फडक्यानं पुसलं, आणि बाहेर गेली. मी म्हटलं, "अगं, उद्याची सहल..." तर न वळता म्हणाली, "आई, तू आता गप्प बस." मी दाराशी जाऊन उभी राहिले.

ती ह्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. जावई उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. तिनं ह्यांचा हात हातात घेतला, काचा घासून घासून बोटांची टोकं गुळगुळीत झालेला, आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, तुम्हाला मला काहीतरी सांगायचं होतं. आठवतंय?"

ह्यांनी खूप प्रयत्न केला. खरंच केला, मला दिसत होता. कपाळावर आठ्या, ओठ हलतायत.

"होतं खरं," ते म्हणाले. "महत्त्वाचं होतं."

मग त्यांनी मान वर करून खोलीभर पाहिलं, मी सापडले तेव्हा त्यांचा चेहरा सुटला, आणि मोठ्या भरवशानं ते म्हणाले, "हिला विचार. हिच्यापासून मी कधी काही लपवलं नाही. हिला माहीत असेल."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मला माहीत नव्हतं.