यकृतबाबांचे हिरवे खडे

बाजारामागच्या सभागृहात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो हातात काचेची बरणी घेऊन आलेला, आणि बरणीतल्या पाण्यावर हिरवे खडे तरंगत होते. बायका एकमेकींच्या बरण्यांत डोकावत होत्या, पुरुष आकारावरून हुज्जत घालत होते. निवृत्त पोस्टमास्तरांचा खडा बोराएवढा होता. नातू झाल्यासारखे ते तो सगळ्यांना दाखवत फिरत होते.

हे खडे म्हणे यकृतातून निघाले होते. काढणाऱ्याला लोक यकृतबाबा म्हणत.

"यकृत म्हणजे देहाची मोरी," बाबा माइकवरून सांगत होते. "अंगाला रोज साबण लावता, मोरी कधी घासलीत?"

उपाय सोपा होता. दिवसभर पोट रिकामं ठेवायचं, संध्याकाळी जुलाबाचं मीठ घ्यायचं आणि वर वाटीभर तेलात लिंबाचा रस पिळून प्यायचं. सकाळी खडे हजर.

माझी आत्याही बरणी घेऊन पुढच्या रांगेत बसली होती. तिचे डोळे पिवळे झाले होते, अंगाला खाज सुटत होती. पित्ताच्या नळीत काहीतरी अडकलंय अशी डॉक्टरांना शंका होती आणि त्यांनी लगेच सोनोग्राफी सांगितली होती. आत्याने ती रद्द केली. खडे तर पडले, आता मशीन कशाला, असं तिचं म्हणणं. मला तिनेच लहानाचं मोठं केलेलं, त्यामुळे तिच्यापुढे माझं काही चालत नाही. मी वहिनीला गाठलं.

वहिनी शाळेत जीवशास्त्र शिकवते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की या प्रयोगाला एक ठणठणीत माणूस हवा. मग माझ्याकडे बघत राहिली. मागच्याच महिन्यात माझी सोनोग्राफी झाली होती आणि पोटात एकही खडा नव्हता, हे तिला ठाऊक होतं. मी ते तेल प्यायलो. त्या रात्रीचं वर्णन मी करणार नाही. सकाळी मात्र माझे खडे आत्यापेक्षा जास्त निघाले. खरं सांगतो, क्षणभर मलाही अभिमान वाटला.

संध्याकाळी वहिनी माझी बरणी घेऊन सभागृहात गेली. बाबांची शक्ती आपल्या विद्यार्थ्यांना समजावून सांगायची आहे, असं तिने इतक्या नम्रपणे सांगितलं की बाबांनी स्वतःचा खास जपलेला खडाही देऊ केला. आत्याने आपला दिला. पोस्टमास्तर बराच वेळ मूठ उघडेनात, शेवटी तेही तयार झाले. वहिनीने सगळे खडे आंघोळीइतक्या गरम पाण्यात सोडले. ओळखीच्या सर्जनकडून आणलेला, ऑपरेशनमध्ये निघालेला खराखुरा पित्तखडाही त्यातच टाकला.

थोड्या वेळाने खडे मऊ पडले, मग वितळले आणि पाण्यावर हिरवट तवंग पसरला. सर्जनचा खडा तळाशी जसाच्या तसा राहिला.

यकृताचे खडे उष्णता सहन करत नाहीत, असं बाबांनी घाईघाईने जाहीर केलं.

"मग ते पोटात इतकी वर्षं टिकलेच नसते," वहिनी म्हणाली. "पोट म्हणजे काही फ्रिज नाही. हे तेलाचे साबणासारखे गोळे आहेत, पित्ताने हिरवे झालेले. तुमच्या आत ते नव्हतेच. तुम्ही ते वाटीतून प्यायलात."

मग तिने समजावलं की यकृत मोरी नसून उजव्या बरगड्यांखालचा, साधारण दीड किलोचा कारखाना आहे. आतड्यातून येणारं रक्त आधी तिथे जातं. यकृत साखर साठवतं, प्रथिनं बनवतं, विषारी पदार्थ निकामी करतं आणि पित्त तयार करून बारीक नळ्यांतून बाहेर सोडतं. ते घासावं लागत नाही. नळी अडली, तर मात्र पित्त रक्तात उतरतं आणि डोळे पिवळे होतात.

आत्या उभी राहिली. "म्हणजे माझ्या नळीतलं अजून तिथेच आहे?"

"हो," वहिनी म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी आत्या दवाखान्यात गेली. नळीत खरोखरच खडा होता. डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बीण घालून तो काढला. आणखी थांबली असती तर जंतुसंसर्ग जिवावर बेतला असता, असं ते म्हणाले. बाबा तोवर गाव सोडून गेले होते.

आता माझं एवढंच सांगणं आहे. कुणी चमत्काराचं औषध दाखवलं, तर ते धडधाकट माणसाला दिल्यावर काय होतं, हे आधी विचारा. त्याच्याही पोटातून तोच आजार निघाला, तर तो आजार औषधातच आहे असं समजा आणि डॉक्टरकडे जा.