बंद करणारे काका

आमच्या काकांना चालू असलेली कुठलीही गोष्ट बघवत नाही. दिवा दिसला की घालवायचा, नळ दिसला की पिळायचा, कपाटाचं दार जरासं उघडं असलं तरी लोटून द्यायचं. जन्मभर ते एका संग्रहालयात देखरेखीला होते. संध्याकाळी शेवटचा माणूस बाहेर पडला की एकेका दालनातून फिरून सगळं बंद करायचं, हे त्यांचं काम. ते निवृत्त झाले, पण त्यांची फेरी काही निवृत्त झाली नाही. मी अंघोळीला गेलेली असताना त्यांनी बाहेरून दिवा घालवला नाही असा आठवडा जात नाही. आतून मी बोंब मारते, बाहेरून ते म्हणतात, "अगं, आहेस होय!"

मी त्यांची पुतणी. नोकरीसाठी या शहरात आले आणि काका-काकूंकडेच राहिले. मी फोनवरची ॲप बनवते, आणि चांगली बनवते. हे जरा नम्रपणे सांगायला हवं होतं, पण नम्रता आमच्या घराण्यात फक्त काकूकडे आहे आणि तीही तिने माहेरून आणलेली.

आमच्या छोट्याशा कंपनीचं सध्याचं ॲप भरतकामवाल्यांसाठी आहे. फोनवर बोटाने नमुना काढायचा, रंग भरायचे, टाका निवडायचा. 'पाठवा' दाबलं की नमुना थेट भरतकामाच्या मशीनकडे जातो. लोकांना ॲप आवडलं होतं, फक्त एक तक्रार पिच्छा सोडत नव्हती. 'माझा अर्धा काढलेला नमुना गायब झाला.' आम्ही ऑफिसात हरतऱ्हेने करून पाहिलं. नमुना अर्धा काढायचा, ॲप मागे टाकून दुसरंच काहीतरी उघडायचं, परत यायचं. नमुना जागच्या जागी. 'बाहेर पडा' दाबून रीतसर बाहेर पडायचं, पुन्हा उघडायचं. नमुना हजर. शेवटी मी जाहीर करून टाकलं, की लोक स्वतःच पुसतात आणि खापर आमच्या डोक्यावर फोडतात.

आमचे साहेब मऊ स्वभावाचे. ते म्हणाले, "इतकी माणसं खोटं कशाला बोलतील?"

"बोलतील," मी म्हटलं. "माणसांना काय काम असतं?"

मग ती तक्रार माझ्याच घरात येऊन बसली.

काकू घरी शिवणकाम करते. शिवणकाम म्हणजे बहुतेक दुरुस्तीच. कुणाची पँट आखूड कर, कुणाची बाही सोड, कुणाच्या कोटाची चेन बदल. हात असा, की कुठे उसवलं होतं ते मालकालासुद्धा सापडू नये. पण कपडे दुसऱ्याचे, मापं दुसऱ्याची. तिने स्वतःच्या मनाने केलेली, ही माझी म्हणावी अशी एक वस्तू जगात नव्हती. कोपऱ्यावरच्या मुलांच्या नाट्यगृहाने रंगमंचाचा नवा पडदा करायचं ठरवलं आणि कुणीही नमुना पाठवावा अशी पाटी लावली, तेव्हा काकू त्या पाटीसमोर बराच वेळ उभी राहिली. घरी येऊन मला म्हणाली, "मला काढायचाय." आवाज इतका हळू, की जणू काही चोरीचा बेत सांगतेय.

नमुना आमच्याच ॲपमधून पाठवायचा होता, कारण नाट्यगृहाचा पडदा ज्या मशीनवर भरला जाणार होता, तिला याच ॲपमधला नमुना लागायचा. मी कॉलर ताठ केली आणि काकूला सगळं शिकवलं. तिने गडद निळ्या कापडावर डावीकडे एक झाड काढलं आणि त्या झाडावरून उठून उजवीकडे निघालेला पक्ष्यांचा थवा. प्रत्येक पक्षी वेगळ्या रंगाचा. पोरं नाटक सुरू व्हायची वाट बघत बसतील, तेव्हा त्यांना मोजायला काहीतरी हवं, असं तिचं म्हणणं.

नमुना निम्मा झाला आणि गायब झाला. "मीच काहीतरी भलतं दाबलं असेल," काकू म्हणाली. तिने पुन्हा काढला. पुन्हा गायब. "मीच," ती म्हणाली. आणि मी, अतिशहाणी, म्हणाले, "हो, तूच दाबलं असशील."

शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी सहापर्यंत नमुना पोचायला हवा होता. काकू सकाळपासून खिडकीजवळच्या टेबलाशी बसली होती. दुपारी मी जेवायला घरी आले तेव्हा झाड पूर्ण झालं होतं, थवाही बराच पुढे गेला होता. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. कुणीतरी कोट घेऊन आलं होतं. काकूने फोन टेबलावर ठेवला आणि ती दाराकडे गेली.

इकडून काकांची फेरी निघाली. त्यांनी पंखा बंद केला. टेबलाचा खण आत ढकलला. मग त्यांचं लक्ष फोनकडे गेलं. मी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा पेला घेऊन उभी होते. काकांनी फोन उचलला, उघड्या ॲपची सगळी पानं सराईतपणे एका ओळीत आणली आणि अंगठ्याने एकेक पान वर ढकलून दिलं. सगळी ओळ साफ झाली. फोन पुन्हा टेबलावर, होता तसा.

"काका! काय करताय?"

"बंद करतोय," ते म्हणाले. "सकाळपासून चालू आहे बिचारा. हात लावून बघ, केवढा तापलाय."

"हे तुम्ही रोज करता?"

"रोज असं नाही. दिसला की करतो. तुझाही करतो की. तुझा तर नुसता खच्चून भरलेला असतो."

काकू आत आली, फोन उचलला, ॲप उघडलं. समोर कोरं कापड. झाड नाही, पक्षी नाही. ती ओरडली नाही, रडली नाही. हळूच खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "गेलं."

आणि नेमकी त्याच वेळी मी टाळ्या पिटत ओरडले, "सापडलं! सापडलं!"

"काय सापडलं?" काकूने विचारलं. "माझं तर गेलंय."

काकांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांचा चेहरा असा उतरला, की मला त्यांना रागवावं की मिठी मारावी ते कळेना. मी मिठी मारली. मग दोघांना समोर बसवून समजावलं. ॲप नुसतं मागे टाकलं, तर ते जिवंत असतं. तिथेच गप्प बसून राहतं आणि आपण परतलो की तेच पान पुढे करतं. पण पान वर ढकलून दिलं, की ते जागच्या जागी संपतं. निरोप घ्यायलाही त्याला वेळ मिळत नाही. आणि नमुना जपून ठेवायचं काम आम्ही नेमकं निरोपाच्या वेळेवर टाकलं होतं! ऑफिसात आम्ही सगळे सभ्य. बाहेर पडायचं तर 'बाहेर पडा' दाबूनच पडणार. ॲपला असं मान धरून हाकलणारं कुणी आमच्यात नव्हतंच. काकू मशीनवरून उठताना कापडावर खडूची खूण करते, कधी परत बसता येईल ते माहीत नसतं म्हणून. ॲपनेही तेच करायला हवं होतं. मागे जाताक्षणी खूण करायची, पुढे काहीही होवो.

"म्हणजे चूक माझी नाही?" काकूने विचारलं.

"नाही. माझी आहे," मी म्हटलं. "काका, चपला घाला."

"पोलिसात देतेस का?"

"ऑफिसात नेते. चला."

ऑफिस दोन गल्ल्या पलीकडे. काका वाटभर मान खाली घालून आले. साहेबांच्या टेबलावर मी माझा फोन ठेवला, नमुना अर्धा काढला आणि म्हटलं, "काका, घरी करता तसं करा." काकांनी एकदा साहेबांकडे बघितलं आणि पान वर ढकललं. मी ॲप उघडलं. कोरं कापड. सगळं ऑफिस भोवती गोळा झालं.

"पण असं कोण करतं?" कुणीतरी विचारलं.

"का?" काका म्हणाले. "तुम्ही घरातून निघताना दिवे चालू ठेवून निघता का?"

साहेब हसत सुटले. मग एकेकाला कंठ फुटला. एकीची आई असंच करते. एकाचे सासरे करतात, वर जावयालाही करायला लावतात. म्हणजे घरोघरी काका होते, फक्त ऑफिसात एकही नव्हता. मी खुर्ची ओढून दुरुस्तीला बसले. दुरुस्ती म्हटली तर चार ओळींची, पण साहेबांनी ऑफिसातले सगळे फोन काकांपुढे मांडले आणि म्हणाले, "काका, करा बंद." काका बंद करायचे, आम्ही उघडायचो, नमुना हजर. पुन्हा बंद, पुन्हा हजर. संग्रहालय सोडल्यापासून ते इतके खूश कधी दिसले नव्हते. निघताना सवयीने त्यांनी बैठकीच्या खोलीचा दिवाही घालवला. आत बैठक चालू होती.

नवं ॲप घेऊन आम्ही घरी आलो, तेव्हा काकू कुणाच्या तरी पँटला दुमड घालत बसली होती.

"जाऊ दे पोरी," ती म्हणाली. "तीनदा काढलं, तीनदा गेलं. नसेल माझ्या हातून व्हायचं. ही पँट निदान गायब तरी होत नाही."

मला भयंकर राग आला. तिचा नाही, माझाच. "काकू, आता जाणार नाही," मी म्हटलं. "मी सांगतेय ना!"

"तू मागेही सांगितलं होतंस."

मग काकाच पुढे झाले. "काढ ना गं," ते म्हणाले. "मी हात बांधून बसतो." आणि खरोखरच टेबलासमोरच्या खुर्चीवर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. पंखा फिरत होता, स्वयंपाकघरात दिवा उगाच जळत होता. त्यांचे डोळे तिकडे जात होते, पण माणूस जागचा हलला नाही. ते बघून काकूला हसू आलं आणि तिने फोन हातात घेतला.

नमुना आता तिच्या बोटांना पाठ होता. झाड भराभर उभं राहिलं. पण थवा निघाला तशी ती अडखळायला लागली. फोन खाली ठेवेना. घंटा वाजली तर एका हातात फोन घट्ट धरून दार उघडायला गेली. शेवटचा पक्षी आला तेव्हा रेघ सरळ येईना. तिने एक रेघ पुसली, दुसरी पुसली.

"भीतीने रेघ वाकडी येतेय," ती म्हणाली. मग तिने जे केलं, ते मी जन्मात विसरणार नाही. तिने फोन काकांपुढे धरला. "अहो, घ्या. करा बंद."

"काकू, नको!" मी किंचाळले. "आधी पाठव, मग काय ते कर!"

"का? तूच म्हणालीस ना, जाणार नाही?"

म्हणाले होते. ऑफिसात छाती पुढे काढून म्हणाले होते. पण ते ऑफिसातले फोन होते आणि हा काकूचा पडदा होता. घड्याळात सहाला थोडाच अवकाश होता.

काका तर हात मांड्यांखालून काढेचनात. "मी नाही करणार," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने एखादी गोष्ट बंद करायला नकार दिला होता.

"तुम्हीच करायचं," काकू म्हणाली. "तुम्ही केलंत आणि तरी राहिलं, तर मला पटेल."

काकांनी अंगठा पँटला पुसला. डोळे मिटले आणि पान वर ढकलून दिलं. काकूने ॲप उघडलं. साहेबांच्या हौसेखातर आम्ही सुरुवातीला एक रीळ फिरताना दाखवतो. ते मेलं रीळ फिरतच राहिलं. फिरून फिरून थांबलं आणि निळं कापड आलं. कापडावर झाड. झाडावरून उठलेले सगळे पक्षी, आपापल्या रंगात. आणि उजव्या टोकाला तो शेवटचा, अर्धा राहिलेला, जिथे तिचं बोट थांबलं होतं तिथेच.

"आहे!" काकू ओरडली. "अहो, सगळं आहे!" काकांनी एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि लहान मुलासारखे हसायला लागले. मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. खुर्चीवर चढले होते असं दोघं सांगतात. त्या आनंदाच्या भरात काकूने 'पाठवा' दाबलं आणि सहाच्या आत नमुना गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाट्यगृहातल्या बाईंचा फोन आला. काकूने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"नमुना बघितला आम्ही," बाई म्हणाल्या. "एक विचारायचं होतं. उजवीकडच्या शेवटच्या पक्ष्याला शेपूट का नाही?"

मी कपाळावर हात मारून घेतला. काकूचा चेहरा खर्रकन उतरला. मग तिने धीर करून विचारलं, "आणि बाकीचं?"

"बाकीचं काय? बाकीचं आहे तसंच घेतोय. पडदा तुमचाच ठरलाय. कालच ठरला. फक्त तेवढं शेपूट लावून द्या, म्हणजे आज मशीनवर चढवता येईल."

काकू खुर्चीत बसली आणि हसता हसता रडायला लागली. काका तिच्या पाठीवरून हात फिरवत फोनमधल्या बाईंना सांगत होते, "देते हो, देते. आत्ता देते." मलाही रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

तेवढ्यात घंटा वाजली. दारात एक माणूस घडी घातलेली पँट घेऊन उभा होता. म्हणाला, जरा आखूड करायचीय, दुपारपर्यंत मिळाली तर बरं. काकूने डोळे पुसले आणि ती दाराशी गेली.

"उद्या या," ती म्हणाली. "आज मला माझं काम आहे."