माझ्या खणातला निताचा अर्ज

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायाने चालणारी, काळ्या रंगाची. अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती, ती हातांच्या घासण्याने कधीच पुसून गेली. सेनगाव तालुक्यातल्या एका गावात सरकारी अनुदानावर चालणारी शाळा आहे; तिथल्या पत्र्याच्या खोलीत, खिडकीजवळ माझी जागा. तुम्ही म्हणाल, मशीनला कसली आली काळजी? पण माझा स्वभावच तसा. चाक जरा कुरकुरलं की मला वाटतं, झालं, आता भंगारवाला येणार. आणि गेल्या जुलैत तर काळजी करायला मला खरंच कारण मिळालं.

माझा जन्म लुधियान्याच्या एका कारखान्यातला. लाकडी खोक्यात बसून मी रेल्वेने हिंगोलीला आले आणि तिथून जीपच्या टपावर, खताच्या गोण्यांना टेकून, या शाळेत. पहिल्या दिवशी माझ्या चाकाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. तेव्हापासून मुलींच्या किती तुकड्या माझ्यापुढे बसल्या, ते मोजणं मी सोडून दिलं आहे. परकर, पिशव्या, झबली, उशांचे अभ्रे, स्नेहसंमेलनाचे पोशाख, सगळं माझ्या सुईखालून गेलं. पाहुणे येत, टाके निरखून पाहत, "काय बारीक काम आहे हो!" म्हणत, आणि मी फुशारून जात असे. सुट्टीत मात्र मला कुणी विचारत नसे. उन्हाळाभर माझ्यावर धूळ बसे आणि पाली माझ्या पायट्याखाली संसार थाटत.

काही वर्षांपूर्वी सरकारची नवी योजना आली. नववीपासून प्रत्येकाने एक व्यवसाय विषय घ्यायचा. आमच्या शाळेत दोन विषय सुरू झाले, शिवणकाम आणि वीजकाम. शेजारच्या खोलीत मीटर आले, तारांची रिळं आली, जळालेल्या पाणमोटारी आल्या. सोमेश्वर सर तिथे मोटारीचं वायंडिंग, म्हणजे जळालेली तार काढून नवी भरणं, शिकवू लागले. त्या खोलीत सगळी मुलं आणि माझ्या खोलीत सगळ्या मुली. असं का, हे कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटे. मुली आहेत तोवर मी आहे.

मग गेल्या जूनमध्ये निता आली. तांड्यावरच्या वसरामची मुलगी. पाय माझ्या पायट्यावर आणि कान शेजारच्या खोलीत, असं तिचं चाले. त्यांच्या विहिरीवरची मोटार वर्षात तीनदा जळाली होती. जळालेली मोटार जीपमध्ये घालून सेनगावला न्यायची, मिस्त्रीच्या दारात आठ दिवस खेटे घालायचे, आणि तोवर इकडे हळदीची पानं गुंडाळून जायची. एकदा मोटार नुसतीच बंद पडली तेव्हा निताने स्टार्टरची पेटी उघडली आणि वडिलांच्या टेस्टरने सुटलेली तार शोधून काढली. त्या दिवसापासून पोरीने ध्यासच घेतला.

मला तिचा राग येई. हसू नका, पण तिचा दोरा मी मुद्दाम गुंतवायची.

आमच्या शिवकन्या मॅडम तिची चेष्टा करत. "अगं, तांड्याची पोरगी तू. तुझ्या आजीच्या हाताला काशिदा हाय. तुझ्यावाणी कोण शिवंल?"

"आजी शिवते, मॅडम. मला मोटार भरायची हाय," निता म्हणाली. सगळ्या मुली खो खो हसल्या.

ती हेडसरांकडेही जाऊन आली. हेडसर तसे वाईट नव्हेत. पण त्यांनी हात झटकले. "फॉर्म भरून झाले बाई. शिवणीला वीस पोरी लागतात. एक जरी कमी झाली तर वर्ग बंद पडंल. मंग मॅडमनी काय घरी बसावं?" मॅडम कंत्राटावर होत्या, हे साऱ्या शाळेला ठाऊक होतं. निता परत आली.

गंमत अशी, की हेच हेडसर दर शनिवारी नववीला नागरिकशास्त्र शिकवत. राज्यघटनेचं पंधरावं कलम निताला त्यांनीच शिकवलं होतं. मधल्या सुट्टीत, खोलीत कुणी नसताना, तिने माझ्या फळीवर वही ठेवून अर्ज लिहिला. तिची लेखणी माझ्या अंगावरच चालत होती, म्हणून शब्द न् शब्द मला कळला. 'मला वीजकाम विषय घ्यायचा आहे. आपली शाळा सरकारच्या पैशावर चालते. सरकारला मुलगा आणि मुलगी असा भेद करता येत नाही, असे आपणच शिकवले आहे. तरी मी मुलगी आहे म्हणून मला नाही म्हणू नये, ही विनंती.' तिने अर्जाची घडी घातली आणि माझ्या खणात, चिंध्यांच्या खाली लपवली. द्यायचा धीर होत नव्हता. मॅडमचं काय होईल, हा विचार तिला खात होता.

एकतीस जुलैला विषयांची यादी संगणकावर चढणार होती. एकदा चढली की दहावीपर्यंत बदल नाही, असं हेडसरांनी बजावलं होतं. निता रोज खण दोन बोटं उघडायची आणि लावून टाकायची. माझा जीव टांगणीला लागला होता. अर्ज गेला तर मी संपले, असं मला वाटत होतं.

त्यात पावसाळी हवेने माझा लाकडी खण फुगला. अठ्ठावीस तारखेला निता ओढ ओढ ओढते, पण खण हलेना. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! पण ती खाली बसली, कपाळ माझ्या थंड लोखंडाला टेकवलं आणि हळूच म्हणाली, "न्हाई तर न्हाई." माझा आनंद तिथेच विरला. अर्ज दुसराही लिहिता आला असता. पण धीर दुसरा कुठून आणायचा?

दुसऱ्या दिवशी पालकसभा होती. निताची आजी रूपाबाई आली, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, अंगात आरशांची चोळी. सभा आटोपल्यावर ती नातीला शोधत आमच्या खोलीत शिरली.

"काहून तोंड पाडून बसली गं?"

"काही न्हाई. खण अडकला."

रूपाबाईंनी एका हाताने खणाची कडी धरली आणि दुसऱ्या हाताची मूठ खालून अशी हाणली, की माझे खिळे न् खिळे हादरले. खण बाहेर आला. चिंध्या उधळल्या आणि अर्ज थेट शिवकन्या मॅडमच्या पायाशी जाऊन पडला.

मॅडमनी तो उचलला. वाचला. पुन्हा वाचला. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"काय लिहून राहिली माझी नात?" रूपाबाईंनी विचारलं. मॅडमनी वाचून दाखवलं. म्हातारीने खणाची कडी सोडली. मग म्हणाली, "मला काशिदा आवडते म्हणून मी काढते, बाई. मला कुणी धरून बसवलं न्हाई. हिला काहून बसवता?"

"मावशी, एक पोरगी कमी झाली तर माझा वर्ग जातो हो," मॅडम म्हणाल्या. "माझी तकलीफ कुणाला सांगू?"

"मोठ्या सायबाला सांगा. लेकराच्या डोक्यावर काहून ठेवता?"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. निताने घाईने अर्जासाठी हात पुढे केला. "राहू द्या मॅडम. मी शिवीन." पण मॅडमनी अर्ज दिला नाही. त्यांनी पेन काढलं, माझ्याच फळीवर अर्जाखाली 'शिफारस करते' असं लिहिलं आणि सही केली. मी मनातून त्यांच्यावर चिडले. स्वतःच्या हाताने स्वतःचा वर्ग बुडवणारी ही कोण बाई, असं मला वाटलं. त्या अर्ज घेऊन गेल्या, तर हेडसर म्हणाले, "ठेवा टेबलावर, बघू." तेव्हा मॅडम अर्ज घेऊन तीस तारखेला जीपने सेनगावच्या शिक्षण कार्यालयात गेल्या. दिवसभर माझ्यापुढे कुणी बसलं नाही.

एकतीस तारखेला सकाळी अकरा वाजता त्या कार्यालयातून चांगुणाबाई नावाच्या अधिकारी आल्या. त्यांनी शिवणीच्या मुलींचे वीसही फॉर्म मागितले आणि माझ्या फळीवर पसरले. विषयाच्या रकान्यात वीस वेळा 'शिवणकाम'. विसांचंही अक्षर एकच, हेडसरांचं.

"सर, वीस पोरींचं मन तुम्ही एकट्यानंच लिहिलं?"

हेडसरांनी कपाळ पुसलं. "दरसाल असंच भरतो, मॅडम. आजवर एकीची तक्रार न्हाई."

"पण विचारलं होतं का एकीला तरी?"

हेडसर पसरलेले फॉर्म गोळा करू लागले.

चांगुणाबाईंचा आवाज चढला नाही. "सरकारच्या पैशावर चालणारी शाळा आहे. मुलगी आहे म्हणून विषय नाकारता येणार नाही. वर्ग टिकवायचा म्हणून तर मुळीच नाही. वर्गाचं काय करायचं ते मी वर लिहिते, ते ओझं पोरींवर नको. आत्ता, माझ्यासमोर, प्रत्येकीला विचारा."

एकेकीचं नाव पुकारलं जाऊ लागलं. माझा पट्टा ढिला पडल्यासारखं झालं. निताचं नाव आलं. "वीजकाम," ती म्हणाली, आणि आवाज इतका मोठा निघाला की तीच दचकली. मग पुनम. "वीजकाम." मग तिसरी, चौथी, पाचवी. सगळ्यांना इतके दिवस हेच हवं होतं की काय? सातव्या मुलीपर्यंत एकीनेही माझं नाव घेतलं नाही. मला ऐकवेना. मुलांच्या खोलीतही विचारणा झाली. तिथून कुणी उठलं नाही. उठावंसं वाटलंही असेल, पण हसणारे फार होते.

आठवी प्रतिक्षा. ती अबोल मुलगी. निताच्या मागून माझ्यापुढे बसायची, कधी दोरा तुटला तरी चिडायची नाही.

"शिवण," ती म्हणाली.

"तुमच्या मॅडमसाठी म्हणतेस का, बाळ? घाबरू नको," चांगुणाबाई म्हणाल्या.

"न्हाई मॅडम. मला आवडते. मला ब्लाउजच्या बाह्या बराबर बसवायला शिकायचंय."

मित्रांनो, मी लोखंडाची आहे, रडता येत नाही. पण त्या क्षणी मला कळलं. इतक्या वर्षांत इतक्या मुली माझ्यापुढे बसल्या, माझं कौतुक झालं, बक्षिसं आली, पण मी हवी आहे असं आजवर एकीनेही म्हटलं नव्हतं. कारण कुणी त्यांना विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी बाराजणी शेजारच्या खोलीत गेल्या, आठजणी राहिल्या. निता आता तांब्याची तार गुंडाळते म्हणे. तिच्या बोटांना चट्टे पडलेत आणि ती ते सगळ्यांना दाखवत फिरते. आमच्या वर्गाचं पत्र अजून वरून आलेलं नाही. टपालवाला दिसला की शिवकन्या मॅडम शिकवता शिकवता थांबतात, आणि मीही थांबते.

मला आठवड्यातून एकदा तेल द्या. सुट्टीत अंगावर कापड टाका, पावसाळ्यात भिंतीपासून जरा दूर सरकवा. एवढं केलंत तर मी अजून खूप वर्षं चालेन. पण माझ्यापुढे कुणाला बसवण्याआधी तिला विचारा. ती नाही म्हणाली तर मला वाईट वाटेल. वाटू द्या.