बिनकाट्याची अवस

खानावळवाल्या महिपतीला त्या आषाढात मिळायचं होतं ते काही थोडंथोडकं नव्हतं. कारखान्याच्या पॅकिंग खात्यातली आख्खी कोकणी मंडळी, दोन्ही वेळ जेवणारी, महिना बांधून. ही मंडळी तेव्हा समोरच्या खानावळीत जेवायची. पण हेडक्लार्क शरदचंद्र ज्या पाटावर बसेल, त्याच्या शेजारी सगळं खातं बसणार, हे अंबरनाथ पूर्वेला पोरासोरांनाही ठाऊक होतं. आणि शरदचंद्राने अट घातली होती एकच : श्रावण लागायच्या आधी, अवसेला, पानात मासा हवा.

"सुकट नको हं, महिपती. सुकट आम्ही रडत खातो. मासा म्हणजे मासा."

आता आषाढात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, मासा येणार कुठून? महिपती मूळचा कात्रपचा, शेतकऱ्याचा पोर, हरणारा नव्हे. तो उल्हासनगरला गेला. निर्वासितांच्या त्या छावणीचं नाव बदलून तीन वर्षं झाली होती, तरी लोक तिला कॅम्पच म्हणत. तिथे लेखराज नावाचा सिंधी फळ्यांच्या टपरीत परदेशी माशांचे डबे विकायचा. महिपतीने नमुन्याला एक डबा आणला आणि शरदचंद्राला चाखायला बोलावलं.

दुसऱ्याच घासाला शरदचंद्राने तोंडातून मणक्याचा तुकडा काढला आणि ताटाच्या कडेला असा ठेवला, जणू कोर्टात पुरावा.

"काय रे हे? काटा? गावच्या माशाला काटे असतात, ते देवाने घातलेले. हा कारखान्यात भरलाय ना? एवढी यंत्रं लावून त्यांना काटा निघत नाही?"

पलीकडच्या पाटावर चंदर जेवत होता. हे महिपतीचं जुनं गिऱ्हाईक. महिनाभर हिवतापाने झोपून नुकताच उठलेला, हाडं दिसत होती, पण जीभ शाबूत. "शरदराव, तुमका नको तर माका दिया तो काटो!" म्हणत त्याने तो उचलला आणि चावून गिळलासुद्धा. "मऊ आसा हो. भातासारखो."

मंडळी हसली. शरदचंद्र नाही हसला. "डब्याच्या मालात काटा म्हणजे माल खोटा. अवसेला काटा दिसला तर आम्ही आपले समोर बरे."

महिपती धावत लेखराजकडे. लेखराज डोक्याला हात लावून म्हणाला, "साईं, मासा डब्यात बंद करूनच उकळतात. हड्डी पिठासारखी होते, ती खायचीच असते. तुमच्या साहेबाला सांगा ना! फुगलेला डबा फेका, आणि खोललेला ठेवू नका. बाकी कसली भीती नाही."

लेखराज खरं बोलत होता. पण विकणाऱ्याच्या तोंडून खरंही खोटंच वाटतं. शिवाय शरदचंद्राला त्याची चूक दाखवायची म्हणजे आख्खं पॅकिंग खातं गमवायचं. महिपतीने डब्यांची पेटी उचलली आणि शरदचंद्राला शब्द देऊन बसला : काटा दिसणार नाही.

अडचण आली ती घरातून. आषाढी अवस म्हणजे दिव्यांची अवस. कौसाबाई, महिपतीची बायको, सकाळी घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडायची, पुजायची. तोवर चुलीपाशी मासा आणायची कुणाची टाप नव्हती. पूजा आटोपून एवढ्या डब्यांतले काटे वेचायचे तर पंगत संध्याकाळीच बसली असती.

"मग आज दुपारीच वेचू," महिपती आदल्या दिवशी म्हणाला. "मागच्या पडवीत बस."

"आवो, पण माझं बोट बगा की. नखुरडं झालंय, पू आलाय."

"चिंधी गुंडाळ. मी एकटा किती वेचू?"

दोघांनी मिळून पेटी रिकामी केली. कौसाबाईची चिंधी तेलाने भिजून कधीच सुटली होती. वेचलेला मासा पातेल्यांत भरला, वर केळीचं पान टाकलं. बाहेर पाऊस थांबून उमस धरली होती. पातेली रात्रभर पडवीतच राहिली.

अवसेच्या दुपारी माशाला कांदा-तिखटाची जुजबी फोडणी बसली आणि पंगत बसली. शरदचंद्राने बोटाने चाचपून चाचपून मासा खाल्ला. "ह्याला म्हणतात माल!" त्याने जाहीर केलं. चंदरने तीनदा मागून घेतलं.

दिवे लागायच्या आत खानावळीच्या परसात माणसं ओणवी झाली होती. पहाटेपर्यंत बहुतेक जण पडून का होईना, बोलू लागले. चंदर बोलला नाही. तापाने खाल्लेल्या अंगात ओकायला पाणीसुद्धा उरलं नव्हतं. डॉक्टर आले तेव्हा नाडी लागत नव्हती.

सकाळी पॅकिंग खात्याची माणसं लेखराजला अंगणात घेऊन आली. शरदचंद्र पांढऱ्या चेहऱ्याने ओट्यावर बसला होता. "काटे निघाले तेव्हाच मी म्हटलं होतं, माल खोटा!"

लेखराजने बरोबर आणलेला डबा सगळ्यांसमोर फोडला आणि काट्यांसकट तिथेच खाऊन टाकला. मग महिपतीकडे वळून हात जोडले. "साईं, एवढंच सांगा. डबे कधी खोललेत?"

सगळे महिपतीकडे बघत होते. महिपती शरदचंद्राकडे बघत होता.

"सकाळी," महिपती म्हणाला. "पूजा झाल्यावर."

कौसाबाईने बोट पदराखाली घेतलं.

"तो रोज खातो, त्याला पचतं," शरदचंद्र म्हणाला, आणि कुणालाच त्यात काही चुकीचं वाटलं नाही. दुपारी खात्याच्या माणसांनी कॅम्पातली ती टपरी फळी-फळी करून मोडली. लेखराज मध्ये पडला, त्याचा खांदा उतरला. एकदा सगळं सोडून आलेला माणूस, दुसऱ्यांदा सोडायला त्याच्याकडे फार काही नव्हतं. तो कुठे गेला ते कळलं नाही.

पॅकिंग खातं श्रावणापासून महिपतीकडे जेवू लागलं. शरदचंद्राला भिंतीकडचा मानाचा पाट मिळाला. कौसाबाईचं बोट पुढे पेरभर कापावं लागलं. ते तिने कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. चंदरची आई पुतळाबाई गावाहून आली, त्याची ट्रंक घेऊन गेली. जाताना महिपतीच्या पाया पडली : माझ्या लेकाला शेवटचं पोटभर जेवू घातलंत म्हणून. ज्याने काटा हसत खाल्ला त्याने किंमत म्हणून जीव दिला, ज्याने काट्याबद्दल खरं सांगितलं त्याने दुकान दिलं, आणि ज्याला काटा नको होता त्याच्याकडून कुणी काहीच मागितलं नाही.