पाहुण्यांचं पान

आमची दोन कॉलेजं एकाच संस्थेची, मधे फक्त एक फाटक. प्राचार्य प्रत्येक भाषणात त्यांना सख्ख्या बहिणी म्हणतात. कसल्या डोंबलाच्या सख्ख्या! आमच्याकडे रसायनशास्त्राची प्रयोगशाळा नाही, म्हणून आम्ही सात मुली वर्षभर आठवड्यातून दोनदा फाटकापलीकडे जात होतो. तिथे आमचं नाव ‘पाहुण्या’.

परीक्षा सोमवारी. शुक्रवारी दुपारी आमच्या हेडक्लार्कने आम्हा सातही जणींचं हॉलतिकीट अडवलं. प्रॅक्टिकलची हजेरी म्हणे शून्य.

“अहो, मी एकही दिवस चुकवला नाही!”

“पलीकडून यादी आलेली नाही. त्यांना विचार.”

पलीकडच्या क्लार्कने हजेरीपुस्तक उघडलं. त्यांच्या मुलांची नावं शाईत होती. आमच्यासाठी शेवटचं पान, आणि ते कोरं करकरीत.

“पाहुण्यांची हजेरी पेन्सिलीने घेतात,” तो म्हणाला. “वर्ष संपलं की पुसतो. पुढच्यांना पान लागतं ना! यादी तुमच्या कॉलेजने वेळेत मागायची.”

“ते म्हणतात, तुम्ही पाठवायची.”

“मग त्यांनाच विचार.”

तळपायाची आग मस्तकात गेली. ॲसिडने दोन कुडत्यांच्या बाह्या जाळून घेतल्या मी, आणि ह्या माणसाने मला खोडरबराने पुसून टाकलं! रडू येत होतं, पण त्याच्यासमोर रडणार नव्हते.

तशीच प्रयोगशाळेत गेले. तिथले काका बाटल्या विसळत होते.

“काका, काचसामानाची वही द्या.”

बीकर घेताना त्या वहीत रोज तारीख घालून सही करावी लागते. फुटला तर कोणाला धरायचं, म्हणून तिथे पाहुण्यांनाही शाई. काका काय ते समजले.

“ने. कोणी विचारलं तर सांगेन, भिजली म्हणून वाळत घातलीय.”

वही मी हेडक्लार्कच्या टेबलावर आपटली. त्याने पानं उलटली, माझ्या सह्या मोजल्या. एकोणपन्नास. एका सहीपुढे लाल शेरा होता: ‘ब्युरेट फोडली.’

“पण ही हजेरी नाही. ही काचेची वही आहे.”

“म्हणजे फोडायला मी तिथे होते, आणि शिकायला नव्हते?”

मग हजेरीचा तक्ता पुढे ओढून त्याने कानावरची पेन्सिल काढली.

मी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि माझं पेन ठेवलं.

“सातही जणींची लिहा. मी उभी आहे.”