चौथं मशीन, मंगळवार-शुक्रवार

"पुन्हा सांगा, काकू. पेशंट आला, तुम्ही रजिस्टर पाहिलं, त्याची पाळी आहे. मग?"

"मग मशीनवर घ्यायचं. तो काय इथे गप्पा मारायला येतो?"

मुलगी हसली नाही. डायलिसिसच्या पाळ्या सोमवारपासून कॉम्प्युटर लावणार होता आणि त्याला शिकवायला कंपनीने हिला धाडलं होतं. काउंटरवर जे जे घडू शकतं त्याचा एकेक प्रसंग ती लिहून घेई. कोण आलं, कशासाठी आलं, सुरळीत झालं तर काय, बिनसलं तर काय. याला ती यूज केस म्हणायची. तीन दिवस काकूंचं डोकं खाऊन तिने बेचाळीस जमवल्या होत्या. जो प्रसंग लिहिला नाही तो सिस्टिमच्या लेखी घडतच नाही, असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. तेव्हापासून काकूंना घास गोड लागत नव्हता.

"एक राहिलाय," काकू म्हणाल्या. "पाळी नसताना येणारा. पाय सुजलेले, श्वास लागलेला. त्याच्यासाठी एखादं मशीन रिकामं लागतं गं."

"असे किती येतात महिन्याला?"

"चार. कधी पाच."

मुलीने त्रेचाळिसावा प्रसंग लिहिला. दुपारच्या बैठकीत हॉस्पिटलच्या साहेबांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

"साठ जण रांगेत असताना मशीन रिकामं ठेवायचं? असा कोणी आला तर दुसऱ्या हॉस्पिटलला पाठवा."

"ते दोन तासांवर आहे, साहेब."

"मग आतापर्यंत काय करत होतात?"

सांगावं तर नोकरीवर गदा, न सांगावं तर प्रसंग कापला जाणार. त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं.

"चौथं मशीन. मंगळवार-शुक्रवार, सकाळची पाळी. या पाळीचा पेशंट येत नाही."

साहेबांनी पानं उलटली. गैरहजर, गैरहजर, गैरहजर. शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात भलत्याच कुणाची नावं.

"किती वर्षं चाललंय हे?"

"अकरा."

"हा माणूस कोण?"

"माझा नवरा."

हा नवरा इथलाच पेशंट. एकदा बहिणीकडे मुक्काम वाढला, पाळी चुकली आणि दुसऱ्या दिवशी धापा टाकत तो काउंटरपुढे उभा राहिला. काउंटरवर काकूच होत्या. सगळी मशीनं भरलेली. कुणाची पाळी मोडून घरच्या माणसाला दिली तर लोक नावं ठेवतील, म्हणून त्यांनी रीतसर चिठ्ठी लिहून त्याला दुसरीकडे पाठवलं. तो वाटेतच गेला. त्यानंतर त्याचं नाव रजिस्टरातून काढायला काकूंचा हात धजला नाही. दर वर्षी नव्या रजिस्टरात त्या ते उतरवत राहिल्या आणि त्याच्या पाळीवर दुसरेच जगत राहिले.

"सर, अकरा वर्षांच्या रजिस्टरांतली पेन्सिलीची नावं मोजलीत मी," मुलगी हळूच म्हणाली. "पाचशे एकाहत्तर. हा प्रसंग ठेवू या ना."

साहेब माणूस वाईट नव्हते. पण साठ जणांची यादी रोज त्यांच्याच टेबलावर यायची. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"पुढच्या टप्प्यात बघू. बाई, मी हे वर कळवणार नाही. पण नाव आजच काढा."

"साहेब, मला काढा. मशीन राहू द्या." काकूंनी जन्मात कुणापुढे हात जोडले नव्हते, ते जोडले. "बिनपगारी बसवा, झाडू मारायला लावा. तेवढं एक मशीन राहू द्या हो."

साहेबांनी फाईल मिटली आणि ते उठून गेले.

काकू काउंटरवर परतल्या. नाव काढायचं तर पुढे कारण लिहावं लागे आणि कारणं तीनच होती: किडनी बसवली, दुसरीकडे गेला, मृत. मुलगी मागोमाग आली. तिचे डोळे भरले होते.

"मी लिहू का, काकू?"

"नको. हे माझं काम आहे."

पट्टी धरून त्यांनी नावावर लाल रेघ ओढली. पुढे 'मृत' लिहिलं. तारखेच्या रकान्यापाशी पेन अडलं.

"आजची टाका, म्हणजे कुणी काही विचारणार नाही," मुलगी म्हणाली.

काकूंनी अकरा वर्षांपूर्वीची खरी तारीख लिहिली, खाली सही केली आणि शाई वाळेपर्यंत रजिस्टर उघडंच ठेवलं.